मोटारीवरची देवी

माझा धंदा चित्रं काढण्याचा. एवढं सांगून मी गप्प बसलो की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक गृहस्थ उभा राहतो. मानेवर रुळणारे केस, हातात ब्रश, समोर कोरं कापड. मी त्याला थोडा वेळ तसंच समजू देतो, कारण तेवढ्या वेळात चहा चांगला मिळतो. मग कप खाली ठेवून सांगतो, “महाराज, मी चित्रं काढतो म्हणजे काढून टाकतो. दुसऱ्यांनी चिकटवलेली. मोटारीवरून.” समोरच्याचा चेहरा पडतो, पण चहा तोवर पोटात गेलेला असतो.

आपल्या भाषेची ही गंमत मला फार आवडते. चित्र काढलं म्हणजे ते आलं की गेलं, हे काढणाऱ्याच्या हातात काय आहे त्यावर ठरतं. ब्रश असेल तर आलं, टर्पेंटाइनचा बोळा असेल तर गेलं. या एका शब्दापायी रिहे गावात एकदा माझ्यावर असा प्रसंग आला होता की... पण नाही. पडदा एवढ्यात उघडायचा नाही. आधी धंदा समजून घ्या.

पौडच्या बाजारात माझं दुकान. दुकान म्हणजे एक ओटा, दोन फळ्या आणि मी. बैलगाड्या, टांग्यांची चाकं, देवळांची दारं, सणाला बैलांची शिंगं, यांवर माझा रंग खपायचा. पुढे पुण्याहून सर्व्हिसच्या मोटारी सुरू झाल्या. आमच्या मुलखातल्या चार खटपट्या लोकांनी स्वतःच्या मोटारी घेतल्या. त्या अर्थातच दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या हातच्या. आणि आधीच्या मालकानं दारावर काही ना काही चिकटवून ठेवलेलं असायचंच. कुठे गरुड, कुठे वाघ, कुठे बिडीचं बंडल, कुठे एखाद्या नाटक मंडळीची नायिका.

ही चित्रं रंगवलेली नसत. ती विलायतेहून कागदावर उलटी छापून येत. दारावर वार्निशचा पातळ हात द्यायचा, तो चिकटसर झाला की कागद दाबून बसवायचा, मग पाठीमागून पाणी लावून कागद सोलून घ्यायचा. कागद हातात येतो आणि चित्र दारावर राहतं. बाजारात त्याला ट्रान्सफर म्हणत. लावायला अर्धा तास पुरे. काढायला मात्र दोन दिवस लागतात, आणि माणूस लागतो माझ्यासारखा.

बाहेरच्याला वाटतं, काढायचं म्हणजे खरवडायचं. अहो, मोटारीचा रंग काय घराच्या भिंतीचा चुना आहे? तो ब्रशनं थरावर थर देऊन चढवलेला असतो आणि सगळ्यांत वर वार्निशचे हात असतात. मोटारीत तुम्हाला तुमचं तोंड दिसतं ते रंगात नव्हे, वार्निशात. आणि हे वार्निश दुधावरच्या सायीसारखं असतं, नख लागलं की सुरकुती पडलीच. म्हणून आमच्या कामात सुरी नाही, नख नाही, जोर तर नाहीच. आधी बोटानं चाचपून ओळखायचं, की हे कशानं चिकटवलंय. डिंक असेल तर कोमट पाण्याची घडी ठेवायची, वार्निश असेल तर टर्पेंटाइनमध्ये गोडेतेल मिसळून हलक्या हातानं फिरवायचं. मग थांबायचं. कडेचा कोपरा जरासा उचलला गेला की त्याच्याखाली घोड्याच्या शेपटीचा एक लांब केस सरकवायचा, दोन्ही हातांनी ताणून धरायचा आणि करवतीसारखा मागेपुढे करत पुढे न्यायचा. केस चित्र कापत नाही आणि रंगाला खुपत नाही. चित्र कधी ओढायचं नसतं. त्याला स्वतःला निघावंसं वाटलं पाहिजे.

नांद्याच्या एका मोटारवाल्याला एवढा धीर नव्हता. त्यानं गावच्या न्हाव्यालाच बोलावलं. मोटारवाल्याचं म्हणणं ऐकायला पटण्यासारखं होतं. “मान्साच्या गालावरला क्यास काढतुया आन् कातडी राखतुया, त्याला पत्र्याचं काय?” न्हाव्यानं साबणाचा फेस केला, वस्तरा परजला आणि बॉनेटवरच्या गरुडाची साग्रसंगीत हजामत केली. गरुड गेला. त्याच्याबरोबर वार्निश गेलं, रंग गेला, खालचं अस्तर गेलं आणि आतला पत्रा दात विचकून हसू लागला. मला बोलावलं तेव्हा न्हावी वस्तरा पुसत शांतपणे म्हणाला, “पेंटर, गिऱ्हाईक हाललं.”

दुसऱ्याचं हसं सांगितलं, आता माझं सांगतो. घोटावड्याच्या एका पाटलांनी मोटार घेतली. तिच्या दारावर एक गोरी मड्डम साबणाची वडी गालाशी धरून हसत होती. पाटलीणबाई थाटात आल्या, एक पाय फूटबोर्डवर ठेवला, मड्डमेकडे पाहिलं आणि पाय खाली घेतला.

“आदी ती उतरंल, मग मी चढंन.”

मी दोन दिवस खपून मड्डम उतरवली. एक ओरखडा नाही! पाटलांनी माझी पाठ थोपटली, मीही ती नीट थोपटून घेतली, आणि मग मोटार गोठ्याच्या सावलीतून उन्हात आणली. बघतो तो मड्डम जागच्या जागी. चार उन्हाळ्यांत बाकीचं दार फिकं पडलं होतं आणि तिच्याखालचा रंग तेवढा ताजा राहिला होता. त्यामुळे रंगातच रंगाची मड्डम उभी होती, साबणासकट. पाटलीणबाईंनी जवळ येऊन निरखून पाहिलं.

“ही तर हितंच हाय की ओ. नुसतं त्वांड धुऊन बसलीया.”

ते दार शेवटी पुरं रंगवावं लागलं. त्याची मला अजून रुखरुख आहे. चित्र निघतं, पण त्याच्या सावलीत राहिलेला रंग त्याची खूण सांगत राहतो, हे मी आधी सांगायला हवं होतं. तेव्हापासून गिऱ्हाइकाला मी पहिला प्रश्न विचारतो, “चित्राला किती उन्हाळे झाले?”

आता पडदा उघडू या.

दसऱ्याची सकाळ होती. मी ओट्यावर फळ्या मांडत होतो, तेवढ्यात खांद्यावर घोंगडी टाकलेला एक धनगर धापा टाकत आला.

“पेंटर तुमीच न्हवं? बिगीनं रिह्याला जावा. देवी काढायचीया. भिवा डरायव्हरनं सांगितलंय, आजच्या आज काढाय पायजे.”

एवढं बोलून तो आपल्या मेंढरांमागे मुळशीच्या अंगाला निघूनही गेला. मला आनंद झाला. दसरा आहे, गावानं देवळाची भिंत नव्यानं सारवली असेल, वाघावर बसलेली अष्टभुजा काढायची असेल. किती महिन्यांनी काहीतरी काढून टाकण्याऐवजी काढायला मिळणार! मी बारीक ब्रश घेतले, ठेवणीतले रंग घेतले, सोन्याचा वर्खसुद्धा घेतला. देवीच्या कामाला जायचं म्हणून काळा कोट चढवला, डोक्यावर गोल टोपी घातली, सगळं सामान कातडी बॅगेत भरलं आणि निघालो. थोडी वाट बैलगाडीत आणि उरलेली पायी.

रिह्याच्या ओढ्यावर एक बाई धुणं धूत होती. कडेला तिचं पोर खेळत होतं. मी टोपी सावरून विचारलं, “बाई, देवी काढायची आहे ती कुणाकडे?”

तिनं माझा कोट पाहिला, बॅग पाहिली, पोर काखेत मारलं आणि धुणं तिथंच टाकून गावाकडे पळत सुटली. “देवीवाला आला रं ऽऽ! पोरं आत घ्याऽ!”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खेड्यात ‘देवी काढणं’ म्हणजे देवीची लस टोचणं. सरकारी माणूस येतो तो अगदी असाच, काळा कोट घालून आणि हातात कातडी बॅग घेऊन. पोरांच्या दंडाला टोचतो, मग पोरं तापतात, म्हणून आया त्याला यमासारख्या भितात. मी गावात शिरलो तर दारं धडाधड लागत होती. एका घरात पोराला कणगीत उतरवताना मी या डोळ्यांनी पाहिलं. चावडीपाशी फक्त एक म्हातारबाबा उभे होते, काठी आडवी धरून.

“आमच्या गावात प्वारंच न्हाईत,” ते म्हणाले.

त्यांच्या मागच्या दाराआड एक तान्हं खणखणीत रडलं.

“हे काय मग?”

“ते मांजार हाय.”

आता मी सरळ खुलासा करायला हवा होता, पण जीभ खोडकर. मी म्हटलं, “बाबा, या वर्षी मांजरांना पण टोचायचा हुकूम आहे.”

म्हातारबाबांनी काठी उभी धरली. पुढे काय झालं असतं ते सांगता येत नाही, पण तेवढ्यात खाकी कोटातला एक तरणा गडी धावत आला आणि माझा हात धरून ओरडला, “आज्या, थांबा! देवीवाला न्हाई ह्यो. पेंटर हाय, माज्या देवीवाला!”

हा भिवा. धनगराचा मुलगा. घराण्यात मेंढरं सोडून दुसरं काही हाकणारा पहिला माणूस. पुण्याच्या एका रावसाहेबांकडे तो मोटार हाकायचा. रावसाहेब पेन्शनीत निघालेले इंजिनीअर, मोटारीला जिवापाड जपणारे. भिवाच्या आधीच्या ड्रायव्हरला त्यांनी मडगार्डवरच्या एका ओरखड्यासाठी घरी पाठवलं होतं.

“रावसायेब चार दिसांसाटी म्हमईला गेल्यात,” भिवा मला ओढत नेता नेता सांगत होता. “मला म्हनलं, भिवा, गाडी जागची हालवू नगंस. आन् मी हालवली. आई लई दिस म्हनत हुती, ल्योक काय हाकतो ते मला एकदा बघू दे. म्हनलं, खंडेनवमीला जाऊन यावं, कुनाला कळतंय!”

“मग?”

“मग हे.”

घराच्या अंगणात एक सुरेख गडद हिरवी मोटार उभी होती, कडेनं बारीक सोनेरी रेघ. आणि तिच्या दोन्ही दारांवर, बरोबर मधोमध, हातभर उंचीच्या वाघावर बसलेल्या दोन देव्या.

झालं होतं ते असं. खंडेनवमीला घरोघरी हत्यारांची पूजा होते. भिवाच्या घरी मेंढ्या कातरायची कातर पुजली, कुऱ्हाड पुजली, मग आईनं मोटार पुजली. जत्रेतून आणलेली देवीची दोन रंगीत चित्रं तिनं जपून ठेवली होती. भिवा ओढ्यावर अंघोळीला गेला होता तेवढ्यात तिनं बाभळीच्या डिंकानं ती दारांवर बसवली, लेकाला वाटेत नजर लागू नये म्हणून. शेजारच्या सुताराला फार आपुलकी, त्यानं वरून उकळलेल्या जवसाच्या तेलाचे दोन हात दिले, देवीवर धूळ बसू नये म्हणून. भिवा अंघोळ करून आला तो दोन्ही दारांना हळदकुंकू लागलेलं.

“उद्या दुपारच्या गाडीनं रावसायेब येनार,” भिवा म्हणाला. “ठेसनावर गाडी घिऊन हुबं ऱ्हायाचं हाय. ह्ये दारावर दिसलं तर माजी नोकरी गेली, आन् काढताना वरखाडलं तरी गेली. परत मेंढरांमागं जावं म्हनलं तर मेंढरं तरी कुटं ऱ्हायलीत? रोगानं निम्मी गेली औंदा.”

मी दारापाशी उकिडवा बसलो आणि चित्राच्या कडेला अंगठा टेकवला. अंगठा किंचित चिकटला. “वा!” मी म्हणालो. भिवाला वाटलं, मी चित्राला दाद दिली. पण मी दाद दिली तेलाला. जवसाचं तेल एकदा वाळलं की दगड. ओलं आहे तोवर त्याच्याशी बोलता येतं. हे अजून ओलं होतं. म्हणजे आशा होती.

मात्र मी बॅग उघडली आणि आशेचा रंग जरा उडाला. आत बारीक ब्रश, सोन्याचा वर्ख, ठेवणीतला शेंदरी. काढायला आणलेलं सगळं होतं, काढून टाकायचं काहीच नव्हतं. नाही म्हणायला टर्पेंटाइनची बाटली तेवढी होती, ती रंगाऱ्याला सुटत नाही.

“ह्योच का देवीला हात लावनारा?”

मागे भिवाची आई उभी होती. सगुणाबाई नाव. उंच, काटक, हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू. आवाज असा, की हाक मारली तर डोंगरापलीकडची मेंढी फिरेल.

“आई, मी फक्त...” मी सुरुवात केली.

“बसवलेली देवी कुनी काढतं व्हय रं? हात झडंल तुजा. आन् ह्या भिवाला सांग, नोकरी देनारी बी तीच हाय.”

“आई, त्या रावसायबांनी दिलीया,” भिवा पुटपुटला.

“त्यास्नी बुद्दी कुनी दिली?”

मी अंगणात इकडेतिकडे बघू लागलो. घराच्या कोपऱ्यात परातीत कोवळे पिवळे धान्याचे अंकुर दिसले. नऊ दिवस बसवलेला घट त्या दिवशी सकाळीच हलवला होता.

मी हळूच विचारलं, “आई, घट उठला वाटतं?”

“उटला की. दसऱ्याला उटतोच.”

“मग त्या घटाला तुम्ही काढलं असं म्हणता?”

“काढला कशापायी म्हनू? उटवला. अक्षता घातल्या, दहीभात दावला, उटवला.”

“मग हिलाही उठवू या ना. बसवली खंडेनवमीला, उठली दसऱ्याला. काढायची नाही. उठवायची आणि तुमच्या देव्हाऱ्यात न्यायची. अक्षता तुम्हीच घाला.”

सगुणाबाईंनी जवळ येऊन दारावरची देवी निरखून पाहिली. 

“अख्खी उटंल?” त्यांनी विचारलं.

“अख्खी,” मी म्हणालो. नाटकी माणसाला टाळ्यांचं वाक्य आवरत नाही. रंग शाबूत ठेवून चित्र काढणं मला येत होतं. रंगही शाबूत आणि चित्रही शाबूत, असं मी जन्मात कधी केलं नव्हतं.

“आन् फाटली तर?”

“तर माझे ब्रश तुमच्या चुलीत.”

“ब्रश पेटाय येळ लागतुया,” त्या म्हणाल्या. “तुलाच घालीन.” आणि अक्षता आणायला आत गेल्या.

मग सामानाची जमवाजमव सुरू झाली. घोड्याचा केस हवा होता. धनगराच्या घरी ओझ्याला तट्टू असतंच. मी त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो.

“पेंटर, त्याची शेपूट मागनं धरू नगा,” भिवा ओरडला.

“मग शेपूट काय पुढून धरू?”

तट्टानं त्याचं उत्तर दिलं. ते मांडीवर आठवडाभर निळं होतं. पण हातात तीन लांब केस आले. सगुणाबाईंनी आपली शिंगाची फणी दिली, तिची पाठ चपटी आणि गुळगुळीत, कोपरा उचलायला लाखात एक. कापूस मागितला तर धुतलेल्या लोकरीचा पुंजकाच मिळाला.

डाव्या दारापासून सुरुवात केली. लोकरीवर टर्पेंटाइनचे चार थेंब, गोडेतेल भरपूर, आणि नुसता फिरवायचा, दाबायचा नाही. तेलाचा थर हळूहळू सुटला. मग कोमट पाण्याची घडी. घडी गार झाली की दुसरी. डिंक फुगायला वेळ घेतो, त्याला घाई केली की तो रुसतो. भिवा दर घडीला विचारायचा, “सुटली?” आणि त्याची आई दर वेळी म्हणायची, “तुज्यावानी घाई न्हाई तिला.” शेवटी फणीनं कोपरा उचलला, केस खाली घातला, आणि श्वास धरून पुढे सरकत गेलो. पाऊण तासानं देवी वाघासकट माझ्या दोन्ही तळहातांवर आडवी झाली. एक नखाएवढा तुकडा गेला नाही. सगुणाबाईंनी पाट पुढे केला, ओल्या कागदाला अंघोळ घातलेल्या तान्ह्यासारखं घेतलं आणि आत नेलं. लोटलेल्या दारांतून एकेक डोकं बाहेर येऊ लागलं होतं.

उजवं दार मात्र दिवसभर उन्हाच्या बाजूला होतं. तिथलं तेल अर्धं वाळलेलं. देवी सुटली, वाघाचं धड सुटलं, चारी पाय सुटले, आणि अगदी शेवटच्या बोटभर अंतरात केस तटकन तुटला. माझा हात झोकांडला. चित्र हातात आलं, आणि वाघाची शेपूट दारावर राहिली.

मी आयुष्यात इतका मोठा झालेला आणि लगेच इतका लहान झालेला कधी नव्हतो.

सगुणाबाई पुढे आल्या. चित्राकडे बघितलं, दाराकडे बघितलं. “देवीला न्हाई न्हवं कुटं लागलं?”

“नाही आई. शेपूट तेवढी...”

“मग असू दे. देवी काय शेपटीवर बसतीया?” आणि मला कोपरानं बाजूला सारून त्या दारापाशी बसल्या. “सर. आता मला बगू दे.”

शेपटीवर त्यांनी कोमट पाणी सोडलं आणि अंगठा फिरवायला लागल्या. नख नाही, नुसता अंगठ्याचा मऊ भाग, गोल गोल. जन्मभर मेंढ्यांच्या अंगावरून फिरलेला तो हात. लोकरीची चरबी मुरून तळवा असा झालेला, की रेशीम खरबरीत वाटावं. डिंकाच्या बारीक बारीक वळ्या होऊन खाली पडू लागल्या. मी आणलेल्या, मागितलेल्या सगळ्या हत्यारांनी जे केलं नव्हतं ते त्या अंगठ्यानं केलं. शेपूट गेली, वार्निशला कळलंसुद्धा नाही. मी धंद्यात मुरलेला माणूस, पण त्या दिवशी शिकलो, की आपण ज्याला हत्यार म्हणतो ती बहुतेक हाताची उणीव असते.

आता फक्त दोन चौकोन निस्तेज दिसत होते, डिंकानं चकाकी ओढून घेतलेली. चित्राला पुरते दोन दिवसही झाले नव्हते, म्हणून मड्डमेसारखी खूण राहायचं भय नव्हतं. शाळामास्तरांकडून खडू आणवले, त्यांची वस्त्रगाळ पूड केली, गोडेतेलात कालवली आणि लोकरीनं दारं घासून घेतली. दारं अशी उजळली की भिवा आनंदानं नाचला. मग तो एकाएकी थांबला.

“पेंटर, बाकीची गाडी मळकी दिसाय लागली.”

खरंच. दोन दारं नवी कोरी आणि मधे सगळी गाडी जुनी. आंधळ्यालाही कळावं, की दारांवर काहीतरी घडलंय. म्हणजे आता सगळी मोटार घासायला हवी, आणि सूर्य डोंगराला टेकायला आलेला.

सगुणाबाईंनी गावाकडे तोंड करून हाक मारली. एकच हाक. सकाळी मला बघून आत पळालेलं निम्मं गाव बाहेर आलं. बायकांनी लोकरीचे पुंजके घेतले, पोरं मडगार्डला भिडली. चावडीवरचे म्हातारबाबा बॉनेटपाशी बसले आणि मला म्हणाले, “मांजार बी आलंय बरं का मदतीला.” सुतार दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा होता, कारण मी त्याला तेलाच्या वाटीजवळ फिरकू दिलं नव्हतं. अंधार पडायच्या आत मोटार अशी झाली, की पोरं तिच्यात तोंड बघून जीभ काढून दाखवत होती. मग सगळ्यांनी तेलकट हातांनी मला आपट्याची पानं दिली. तेलानं माखलेलं सोनं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मीही भिवाबरोबर पुण्याला गेलो. माझं काम संपलं होतं, पण अर्ध्या नाटकातून उठून जाणारा माणूस मी नव्हे. वाटभर मी भिवाकडून एक वाक्य घोकून घेतलं, “दसऱ्याचं म्हणून पुसली, साहेब.” एवढंच म्हणायचं, पुढे अक्षर नाही. भिवानं ते निदान पन्नास वेळा बिनचूक म्हटलं.

स्टेशनच्या आवारात मी बॅग घेऊन जरा बाजूला उभा राहिलो, कुणी गाडीची वाट बघणारा उतारू असावा तसा. रावसाहेब आले. बुटके, पांढऱ्या मिशा, मागे हमालाच्या डोक्यावर ट्रंक. मोटारीपाशी येऊन थबकले. एक फेरी मारली. दुसरी फेरी मारली. उजव्या दारापाशी वाकून तिरप्या नजरेनं उजेडात बघितलं. इंजिनीअर माणूस तो. 

“भिवा, हे कुणी केलं?”

भिवानं तोंड उघडलं. मी मनातल्या मनात त्याचं वाक्य म्हटलं. आणि भिवानं सुरुवात केली ती खंडेनवमीपासून. डिंक, जवसाचं तेल, देवीवाला, तट्टू, शेपूट, काही सोडलं नाही. “आन् ह्यो त्यो पेंटर,” म्हणून माझ्याकडे बोटही दाखवलं. हमाल डोक्यावर ट्रंक तशीच धरून तोंड उघडं टाकून ऐकत होता.

“तुम्ही काढलं?” रावसाहेबांनी मला विचारलं.

“शेपटीपर्यंत मी, साहेब. शेपूट याच्या आईनं.”

रावसाहेब पुन्हा भिवाकडे वळले. “गाडी हलवायची नाही, असं मी सांगितलं होतं.”

“जी.”

“तरी हलवलीस.”

“जी.”

“आईला फिरवलंस तरी का?”

“न्हाई सायेब. मालकाची शीट हाय, म्हनली. उब्या गाडीत जरा फूटबोर्डावर बसली हुती, तेवडंच.”

रावसाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. आधीच्या ड्रायव्हरला घालवताना त्यांनी मिशीवरून असाच हात फिरवला होता, हे मला भिवानं वाटेत सांगितलं होतं.

“उद्या रविवार. तुझी सुटी. ती मिळणार नाही,” ते म्हणाले. “सकाळी सातला गाडी काढ. रिह्याला जायचं. तुझी आई मागच्या सीटवर बसेल, मी पुढे तुझ्याशेजारी बसेन. म्हणजे तू काय काय हलवतोस ते मला समोर दिसेल.”

भिवानं दार उघडलं, रावसाहेब आत बसले, आणि त्यानं दोन्ही हातांनी ते इतकं हळू लोटलं, की ते लागलंच नाही. त्यानं पुन्हा उघडलं आणि पुन्हा तसंच लोटलं.

“अरे, जोरात लाव भिवा,” रावसाहेब आतून म्हणाले. “मोडत नाही ते.”